दोरा ओला होईना तेव्हा

सुईत दोरा ओवण्याआधी त्याचं टोक ओठांत धरून ओलं करायचं आणि मग चिमटीत पिळायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. आईला बघून लेक करते. कराडला घरच्या पडवीत मी शिवणक्लास चालवते, त्याला तीस वर्षं होत आली. इतक्या वर्षांत किती दोरे तोंडात धरले, त्याची गणती नाही. 2010 च्या लग्नसराईत एका दुपारी नवरीच्या ब्लाउजला हुक लावायला बसले होते. दोऱ्याचं टोक ओठांत धरून बाहेर काढलं, तर ते तसंच पिंजारलेलं. पुन्हा धरलं, पुन्हा तेच. ओठ ओले करायला जीभ फिरवली, तर जीभच ओठाला चिकटून बसली. शेवटी शेजारच्या तांब्यात बोट बुडवून दोरा भिजवला आणि हुक लावून टाकले. उन्हाळा आहे, होतं असं, म्हणून गप्प बसले.

त्या दुपारपासून आजाराचं नाव कळेपर्यंत सात वर्षं गेली. त्या सात वर्षांत माझे सहा दात गेले, एका डोळ्याच्या बुबुळावर ओरखडे उठले, आणि घरात मी आळशी, कुरकुरी आणि कोरड्या मनाची ठरले. यातला थोडा दोष आजाराचा, थोडा नशिबाचा आणि बराचसा माझा. तो माझा वाटा दुसऱ्या कुणाच्या पदरी पडू नये म्हणून हे लिहिते आहे.

उष्णता, टेन्शन आणि वय

आमच्याकडे तोंड आलं, डोळे चुरचुरले, लघवीला जळजळलं की निदान ठरलेलं असतं: उष्णता वाढली. मीही तेच धरून चालले. सकाळी सब्जा, दुपारी कोकम सरबत, रात्री गुलकंद, झोपताना तळपायाला तूप लावून काशाची वाटी. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, तर गुलाबपाण्याचे थेंब. त्यानं भागेना तेव्हा औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे थेंब आणले. चिठ्ठी लागली नाही, दोन मिनिटांत डोळे पांढरेशुभ्र व्हायचे, म्हणून मी ते दीड वर्ष घातले. लाली जायची आणि कोरडेपणा वाढत राहायचा, हे फार उशिरा कळलं.

डॉक्टरांकडे गेले नाही असं नाही, पण माझ्या तक्रारी मीच वाटून दिल्या. डोळे डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, बारीक काम करता, चष्मा बदला. दात दंतवैद्याला. सकाळी बोटं आखडायची, कात्री धरवायची नाही, ते हाडांच्या डॉक्टरांना. त्यांनी कॅल्शियम दिलं. दुपारी चारनंतर अंगातलं सगळं त्राण गळून जायचं, ते फॅमिली डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, चाळिशी उलटली की बायकांचं असं होतंच. दोनदा कानाखाली गाल सुजला. गालफुगी असेल म्हणून अँटिबायोटिक घेतलं. प्रत्येकानं समोर आलेल्या तुकड्याचा विचार केला, आणि त्यांच्या पुढ्यात एकेकच तुकडा ठेवणारी मी होते. दाताच्या खुर्चीत बसून बोटांची तक्रार करणं मला वेडेपणाचं वाटायचं.

फॅमिली डॉक्टरांनी एकदा झोप लागत नाही म्हणून रात्रीची एक छोटी गोळी लिहून दिली. झोप लागायची, पण मध्यरात्री जाग यायची ती जीभ टाळूला लाकडासारखी चिकटलेली असायची म्हणून. मी ते आजारावर ढकललं. ती अ‍ॅमिट्रिप्टिलिन होती आणि तोंड कोरडं पाडणं हा तिचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे, हे मी ना विचारलं, ना मला कुणी सांगितलं. सर्दीच्या, खाजेच्या, वारंवार लघवीच्या, मन शांत ठेवण्याच्या कितीतरी गोळ्या लाळ आटवतात. आधीच आटलेल्या विहिरीवर मी रोज रात्री मोटर लावत होते.

लिमलेटच्या गोळ्या

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक मात्र गोड होती. लिमलेटची गोळी गालात धरली की जराशी लाळ सुटते हा शोध मला लागला होता. मशीनच्या खणात बॉबिनच्या शेजारी लिमलेटची पुडी असायची. दिवसाला दहा-बारा गोळ्या, आणि रात्री घसा सुकून जाग आली की उशाशी एक.

लाळेचं मोल तोवर मला माहीत नव्हतं. धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. दातांवरचं आम्ल ती धुऊन काढते, दाताच्या कवचाला कॅल्शियम पुरवते, बुरशी आणि जंतूंना आवरते, घास बांधते, चव जिभेपर्यंत पोचवते. ही राखण उठली की गोड आणि आंबट दातांना मोकळं रान मिळतं. माझे दात चावायच्या पृष्ठभागावर फारसे किडलेच नाहीत. ते किडले हिरडीलगत, मुळाशी, जिथे एरवी कीड क्वचित लागते. एकेक दात कडेनं कुरतडत गेला आणि घास चावताना काडकन मोडला. दंतवैद्य विचारायचे, ‘गोड खाता का?’ मी म्हणायचे, ‘छे, चहासुद्धा बिनसाखरेचा.’ चहा खरंच बिनसाखरेचा होता. लिमलेटचं मी कधी बोलले नाही. चाळिशी उलटलेल्या बाईनं शाळकरी पोरासारख्या गोळ्या चघळाव्यात, याची लाज वाटायची.

टिपूस

2014 च्या श्रावणात सासूबाई गेल्या. लग्नानंतर मला मशीन घेऊन देणाऱ्या त्याच. घरात कुणालाही न विचारता पाटल्या मोडून त्यांनी ते आणलं होतं. त्या गेल्या तेव्हा पोटात कालवाकालव होत होती, हुंदके येत होते, पण डोळ्यांतून थेंब येईना. पापण्या आतून घासायच्या, डोळे लाल व्हायचे, आणि गाल कोरडेठाक. भेटायला आलेल्या बायकांपैकी एक दुसरीला म्हणाली, ‘सुनेच्या डोळ्यांत टिपूस नाही बघ.’ मला ऐकू जावं इतक्याच आवाजात म्हणाली.

त्या रात्री मी आरशासमोर उभी राहून रडायचा प्रयत्न केला. कांदा कापूनही पाहिला. डोळे नुसते भाजले. आपल्या मनालाच काही झालंय अशी माझी खात्री होत चालली, आणि त्यानंतर मी तक्रार करणंच सोडलं. दुखणं सांगायचं बंद केलं की घरातल्यांना वाटतं, बरं वाटतंय. अशी आणखी दोन वर्षं गेली.

2015 मध्ये सांधे फारच धरले तेव्हा एका डॉक्टरांनी ‘एएनए’ नावाची रक्ततपासणी करायला लावली. रिपोर्ट निगेटिव्ह आला. लॅबमधला मुलगा म्हणाला, ‘काकू, काही नाही, पेढे वाटा.’ मी रिपोर्ट फाईलमध्ये घातला आणि डॉक्टरांना दाखवायलाही गेले नाही.

गालाला चिकटलेला आरसा

आजार ओळखला तो एका तरुण दंतवैद्य मुलीनं. 2017 चा जानेवारी होता, सहावा दात काढायला गेले होते. तोंडात घालायचा तो लांब दांडीचा छोटा आरसा तिनं गालाच्या आतल्या बाजूला टेकवला आणि बाहेर काढताना तो गालाला चिकटला. तिनं पुन्हा टेकवला, पुन्हा चिकटला. आरसा ट्रेमध्ये ठेवून तिनं मला उठून बसायला सांगितलं.

‘काकू, कोरडी भाकरी पाण्याशिवाय खाता येते?’

‘नाही गं, कालवणात कुस्करूनच.’

‘रात्री पाणी प्यायला उठता? डोळ्यांत खुपतं? सांधे दुखतात? गाल कधी सुजलाय?’

मी एकेकाला हो म्हणत गेले आणि म्हणता म्हणता माझाच आवाज बदलला. कापड कापून ठेवलं की पाठ एका बाजूला, बाही एका बाजूला, कटोरी तिसरीकडे पडलेली असते, आणि नवख्या मुलीला त्यात ब्लाउज दिसत नाही. सात वर्षं मी असे तुकडे घेऊन दारोदार हिंडत होते. ते तिनं पाच मिनिटांत जोडले. तिनं फाईलही मागितली. तीन वर्षांपूर्वीच्या एका साध्या रक्ततपासणीत टोटल प्रोटीन 9.1 आणि त्यातलं ग्लोब्युलिन 5.2 होतं. त्यावर ठळक अक्षरात ‘जास्त’ असं छापलेलं होतं, आणि कुणी लक्ष दिलं नव्हतं. शरीर भलत्याच प्रमाणात अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, तयार करत असेल तर हा आकडा असा फुगतो. तिनं मला पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. ‘दातासाठी संधिवाताच्या डॉक्टरांकडे?’ हे म्हणाले. मलाही ते विचित्रच वाटलं, पण गेले.

एक सूत ओल

तिथे खालच्या पापणीत गाळणकागदाची एक चिंचोळी पट्टी अडकवून पाच मिनिटं डोळे मिटून बसवतात. अश्रूंनी पट्टी किती भिजली ते मोजतात. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर डोळा कोरडा धरतात. माझा एक डोळा दोनावर, दुसरा तीनावर थांबला. आमच्या टेपेच्या हिशेबात एक सूत. लाळेसाठी वजन केलेल्या कपात पंधरा मिनिटं तोंडातलं जे येईल ते सोडायला लावलं, मिनिटाला 0.1 मिलिलिटरच्या आत असेल तर कमी समजतात. माझ्या कपाचा तळसुद्धा झाकला गेला नाही.

रक्तात मात्र उत्तर स्पष्ट होतं. ‘रो’ आणि ‘ला’ या दोन्ही प्रतिपिंडांची तपासणी पॉझिटिव्ह. मी जुना निगेटिव्ह रिपोर्ट पुढे केला, तेव्हा डॉक्टरांनी समजावलं की एएनए ही चाळणी आहे, आणि ‘रो’ कधीकधी तिच्यातून निसटतं. लक्षणं बोलत असतील तर ‘रो’ आणि ‘ला’ची तपासणी वेगळी करावी लागते. पेढे न वाटता तो रिपोर्ट घेऊन मी परत गेले असते, तर कदाचित दीड-दोन वर्षं आणि दोन-तीन दात वाचले असते.

आजाराचं नाव शोग्रेन. माझ्याबाबतीत रक्त आणि डोळ्यांची पट्टी पुरली. ज्यांच्या रक्तात ‘रो’ सापडत नाही त्यांच्या खालच्या ओठाच्या आतून, जागा बधिर करून, मोहरीएवढ्या चार-पाच लाळग्रंथी काढून तपासतात. पांढऱ्या पेशींचे पन्नासाहून मोठे पुंजके तिथे दिसले तर निदान पक्कं होतं. मला दवाखान्यात भेटलेल्या एका मावशींना तशीच तपासणी करावी लागली. ‘एकाच टाक्याचं काम,’ त्या म्हणाल्या. टाका म्हटल्यावर मला भीती वाटायची कशी?

ग्रंथी मुकी कशी होते

डॉक्टरांनी सांगितलेलं आणि नंतर लेकीनं वाचून दाखवलेलं, मला जसं समजलं तसं सांगते. आपल्या शरीराचं संरक्षण करणारी फौज जंतूंना ओळखण्यासाठी प्रतिपिंडं तयार करते. काही माणसांत ती घरच्याच माणसाला चोर समजते. ‘रो’ आणि ‘ला’ ही आपल्या प्रत्येक पेशीच्या आत असणारी साधी, कामाची प्रथिनं आहेत. त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. ही नावं ज्या रुग्णांच्या रक्तात ती पहिल्यांदा सापडली त्यांच्या आडनावांच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून पडली आहेत. ‘रो’ची नोंद 1969 ची. आपल्या आजारातून एवढं ज्ञान निघेल हे त्या माणसांना कुठे माहीत असणार.

या गोंधळात पांढऱ्या पेशी लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींत घुसून ठाण मांडतात आणि हळूहळू ग्रंथी खराब करतात. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. मेंदूकडून ‘लाळ सोड’ असा निरोप येतो तो ग्रंथीच्या पेशीवरच्या एका कडीला येऊन लागतो. तिला एम-3 ग्राहक म्हणतात. काही रुग्णांच्या रक्तात या कडीविरुद्धच प्रतिपिंडं सापडली आहेत. म्हणजे ग्रंथी शिल्लक असूनही निरोप पोचत नाही. म्हणूनच पायलोकार्पिन ही गोळी उपयोगी पडते. ती तीच कडी वाजवून उरलेल्या ग्रंथीला जागं करते. ती दक्षिण अमेरिकेतल्या जबोरांडी नावाच्या झुडपाच्या पानांतून मिळते. मला ती चालली, पण घामानं ब्लाउज भिजायचा आणि लघवीला सारखं जावं लागायचं. दमा असलेल्यांना आणि एका प्रकारच्या काचबिंदूत ती देत नाहीत, तेव्हा मैत्रिणीच्या डबीतली घेऊन बघू नका.

हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनमधले डोळ्यांचे डॉक्टर. 1933 साली त्यांनी प्रबंध लिहिला. त्यात डोळे कोरडे पडलेल्या 19 बायका होत्या आणि त्यांपैकी 13 जणींना सांध्यांचं दुखणं होतं. परीक्षकांना प्रबंध फारसा रुचला नाही आणि विद्यापीठात शिकवण्याची त्यांची वाट तिथेच अडली. पण डोळ्यांचा डॉक्टर असूनही त्यांनी बायकांच्या तोंडाची आणि सांध्यांची चौकशी केली होती. माझ्या दंतवैद्य मुलीनं 84 वर्षांनी कराडात तेच केलं. त्यांचा जन्मदिवस 23 जुलै जगभर या आजाराचा दिवस म्हणून पाळतात.

हा आजार झालेल्या दहा माणसांत साधारण नऊ बायका असतात, बहुतेक चाळिशी ते साठीतल्या. म्हणजे जिची तक्रार ‘वय झालं’ म्हणून उडवली जाते, नेमकी तीच बाई. पुरुषांनाही होतो, त्यांचं निदान त्याहून उशिरा होतं, कारण कुणाच्या मनातच येत नाही.

आता तुमच्यासाठी

पहिलं काम एका कागदाचं. डोक्यापासून पायापर्यंत काय काय होतं, केव्हापासून, ते एकाच कागदावर लिहा: डोळे, तोंड, दात, गाल, सांधे, थकवा, थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं, योनीमार्गाचा कोरडेपणा, कोरडा खोकला, पायांवर जांभळे ठिपके, हातापायांना मुंग्या. लाज वाटते ते आधी लिहा. खाली चालू असलेल्या सगळ्या गोळ्या लिहा, लिमलेटसकट. हा कागद प्रत्येक डॉक्टरांना दाखवा, दातांच्या डॉक्टरांनाही. तीन महिन्यांहून जास्त काळ रोज तोंड किंवा डोळे कोरडे पडत असतील, कोरडा घास पाण्याशिवाय उतरत नसेल, तर संधिवाततज्ज्ञांकडे जायची वेळ झाली आहे. तोंड मधुमेहानं, हिपॅटायटिस-सीनं, मानेला दिलेल्या रेडिएशननंही कोरडं पडतं. ते आधी तपासतील. थायरॉइडही बघतील, कारण हे आजार बरेचदा जोडीनं येतात.

नवी गोळी लिहून मिळाली की विचारा, ‘यानं तोंड कोरडं पडतं का?’ पडत असेल तर दुसरी आहे का तेही विचारा, पण आपल्या मनानं कुठलीही गोळी बंद करू नका.

दात वाचवायचे तर आंबट-गोड गालात धरायचं सोडा. चघळायला झायलिटॉलचं, बिनसाखरेचं च्युइंगम चालतं. दोन्ही वेळा फ्लोराइडच्या पेस्टनं घासा, आणि दर तीन-चार महिन्यांनी दंतवैद्याकडून फ्लोराइडचं वार्निश लावून घ्या. मिश्री लावत असाल तर आजच बंद करा; कोरड्या तोंडात तंबाखूसारखा शत्रू नाही. खाल्ल्यावर कपभर पाण्यात पाव चमचा खायचा सोडा टाकून चूळ भरली की आम्ल मरतं. जीभ लालभडक होऊन जळायला लागली, ओठांचे कोपरे चिरले, तर ती बहुतेक बुरशी असते. त्यावर औषध आहे, तूप लावून भागत नाही. आणि दात काढायची घाई करू नका, कवळी बसेल म्हणून. कवळीसुद्धा लाळेच्या जोरावरच धरते. माझी अर्धी कवळी बोलता बोलता सुटायची, हे मी मुलींसमोर भोगलं आहे.

पाणी घोटघोट प्या. तांब्याच्या तांब्या रिचवला की तोंडात उरलेली थोडी लाळही धुऊन जाते आणि रात्र मोरीकडे फेऱ्या मारण्यात जाते. जेवणात कालवण हवं: ताक, कढी, आमटी, सार. उपवासाला साबुदाण्याची खिचडी माझ्या घशात अडकते, म्हणून मी भगर आणि दाण्याची आमटी खाते. देवाची हरकत दिसत नाही.

डोळ्यांसाठी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू घ्या, विशेषतः दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालणार असाल तर. रात्री घट्ट जेल. गुलाबपाणी, मध, लाली घालवणारे थेंब, शेजारणीच्या ऑपरेशननंतरचे उरलेले थेंब, यांतलं काही नको. अशा उरलेल्या थेंबांत स्टिरॉइड असलं तर डोळ्याचा दाब वाढतो. पंख्याच्या थेट खाली झोपू नका, एसटीत खिडकीशी बसलात तर चष्मा लावा, आणि बारीक काम करताना मुद्दाम पापण्या मिटा. तेवढ्यानं भागलं नाही तर अश्रू वाहून जाणारी बारीक भोकं डॉक्टर इवल्याशा खुंटीनं बुजवतात. माझ्या दोन्ही खालच्या पापण्यांत ती आहे. त्या दिवशी घरी येईपर्यंत डोळ्यांच्या कडा ओल्या वाटत होत्या, आणि मला सासूबाईंची आठवण आली.

सांध्यांसाठी मला हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू आहे. कोरडेपणावर तिचा फारसा उपयोग नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ती वजनाच्या हिशेबात, किलोला 5 मिलिग्रॅमच्या आत घ्यायची आणि डोळ्याचा पडदा डॉक्टर सांगतील तसा नियमित तपासायचा.

ज्याला घाबरायचं, त्यालाच घाबरा

बहुतेकींचा आजार तोंड, डोळे, सांधे आणि थकव्यापुरता राहतो. तो संसर्गानं पसरत नाही. उष्टं खाल्ल्यानं कुणाला होत नाही. काही खुणा मात्र उद्यावर टाकायच्या नसतात. गाल किंवा मानेतली गाठ आठवड्यांमागून आठवडे तशीच राहिली, वजन घटलं, रात्री घामाचा ताप आला, पायांवर जांभळं पुरळ उठलं, तर लगेच दाखवा. या आजारात लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, होण्याचा धोका इतरांहून जास्त असतो. शंभरात सुमारे पाच जणांना आयुष्यात कधीतरी तो होतो. पंचाण्णव जणींना होत नाही, हेही तितकंच खरं. दम लागायला लागला तर फुप्फुसं तपासा. आणि सकाळी उठताना अचानक हातपाय उचलेनासे झाले तर सरळ दवाखाना गाठून पोटॅशियम बघायला सांगा. काही जणींत आजार मूत्रपिंडांवर जातो आणि रक्तातलं पोटॅशियम एकदम उतरतं. माझ्या शेजारच्या खाटेवरची तिशीतली मुलगी तशीच आली होती. घरचे अर्धांगवायू समजून रडत होते. पोटॅशियम भरलं आणि दुसऱ्या दिवशी ती चालत होती.

शेवटचं, मूल होऊ पाहणाऱ्यांसाठी. ‘रो’ची प्रतिपिंडं नाळेतून बाळाकडे जातात. शंभरातल्या एक-दोघा बाळांत ती हृदयाच्या ठोक्यांची वायरिंग बिघडवतात आणि ठोके मंद होतात. माझ्या पुतणीला उन्हात गेलं की चेहऱ्यावर पुरळ यायचं. माझं निदान झाल्यावर मी तिच्या मागे लागून तपासणी करवली, आणि तिचंही ‘रो’ पॉझिटिव्ह निघालं. तोंड ओलं, डोळे ओले, तरीही. मूल राहण्याआधीच तिनं डॉक्टरांना सांगितलं, हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी चालू ठेवली, आणि 16 व्या आठवड्यापासून 26 व्यापर्यंत बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी ठरल्यावेळी होत राहिली. दर वेळी ती मला ठोक्यांचा आकडा कळवायची. मुलगी आता चार वर्षांची आहे आणि माझ्या बॉबिन पळवते.

पाण्याची वाटी

आता माझ्या मशीनपाशी एक छोटी स्टीलची वाटी असते, पाण्याची. दोऱ्याचं टोक त्यात बुडवायचं आणि सुईत ओवायचं. गेल्या पावसाळ्यात क्लासला आलेली एक मुलगी, वय तीस-बत्तीस, दोरा तोंडात न धरता वाटीत बुडवताना दिसली. माझ्या काळजात धस्स झालं. तास संपल्यावर तिला थांबवून घेतलं.

‘का गं, तोंड कोरडं पडतं? डोळ्यांत खुपतं? भाकरी पाण्याशिवाय उतरते का?’

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘नाही बाई. तुम्ही तसं करता, म्हणून आम्ही सगळ्याच तसं करतो.’

मी वळून पाहिलं. सहाही मशीनांवर सहा वाट्या होत्या. मी हसले खरी, पण तरी बाकीच्या पाचजणींना एकेक करून विचारून घेतलं.